मेळघाटात रानपिंगळा शोधायला निघताना

१८८४ साली जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने खानदेशात रानपिंगळा या लहान घुबडाचा शेवटचा नमुना गोळा केला. त्यानंतर ११३ वर्षं हा पक्षी संपला असंच धरून चाललं होतं. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, तो एका उघड्या फांदीवर बसलेला दिसला. पुढच्या पाहण्यांमध्ये तो मेळघाटातही सापडला. आज माहीत असलेल्या त्याच्या ठिकाणांमध्ये आपलं मेळघाट सर्वांत भक्कम मानलं जातं.

मी परतवाड्याकडचा. हिवाळा आला की कुणी ना कुणी विचारतंच, "आम्हाला रानपिंगळा शोधायचाय, कसं करायचं?" दर वेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतो. नवख्या माणसासाठी लिहितोय, म्हणून साध्या गोष्टीही सोडलेल्या नाहीत.

आधी नोंदी, मग बॅग

पहिली पायरी घरी बसून करायची आहे, आणि बहुतेक जण नेमकी तीच गाळतात. प्राणी कुठे होता हे आपल्याला कुणाच्या तरी नोंदीवरून कळतं. ती नोंद खोटी असेल तर जन्मभर चुकीच्या जंगलात फिरत बसाल. रानपिंगळ्याच्या बाबतीत अगदी हेच झालं.

ॲलन ह्यूमने १८७३ मध्ये या पक्ष्याचं पहिलं वर्णन केलं. त्याचा नमुना आदल्या वर्षी आजच्या छत्तीसगडमधल्या बसना-फुलझर भागातून आला होता. तो पाठवणाऱ्या ब्लेविटचं नाव पक्ष्याच्या शास्त्रीय नावात राहिलं. त्यानंतर डेव्हिडसनने खानदेशातून काही नमुने पाठवले. जगभरच्या संग्रहालयांत मिळून खरे नमुने जेमतेम सात. त्यांच्या जोडीला आणखी एक नोंद होती: १९१४, गुजरातमधलं मांडवी, संग्राहक कर्नल रिचर्ड माइनर्टझागेन. सर्वांत ताजी नोंद तीच असल्यामुळे शोधणारे तिच्याच मागे गेले. सालिम अली आणि डिलन रिप्लींसारखी पक्षीतज्ज्ञ माणसंसुद्धा त्या नोंदीने फसली.

पुढे अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी माइनर्टझागेनच्या संग्रहाची उलटतपासणी केली. पक्ष्यात भरलेलं साहित्य, टाके, सांगाड्याची ठेवण, सगळं पाहिलं. तेव्हा कळलं की १९१४ चा तो पक्षी डेव्हिडसनचाच होता. संग्रहालयातून चोरून, पुन्हा शिवून, नवं लेबल लावलेला! ती नोंद खोडल्याबरोबर नकाशा बदलला. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट आधी पूर्वेकडच्या जुन्या जागी गेले. तिथे काही मिळालं नाही. मग ते डेव्हिडसनच्या खानदेशात आले आणि पक्षी सापडला. त्या सकाळच्या दर्शनाचं श्रेय मी निम्मं दुर्बिणीला देतो आणि निम्मं खोडलेल्या त्या नोंदीला.

म्हणून एक वही करा. प्रत्येक नोंदीसाठी एक ओळ: कुणी पाहिला, कधी, कुठे, आणि पुरावा काय. नमुना, फोटो, आवाजाचं रेकॉर्डिंग, प्रत्यक्ष पाहिलेलं आणि ऐकीव या पाच गोष्टी वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. ऐकीव फेकून द्यायचं नाही, पण पाहिलेल्याच्या रांगेतही बसवायचं नाही. ही वही दुसऱ्या कुठल्याही "गेलेल्या" प्राण्याला चालते. आपल्याकडे कुणीतरी छातीठोकपणे सांगतो की आमच्या शिवारात चित्ता आहे. भारतातले मूळचे शेवटचे चित्ते १९४७ साली आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानाच्या राजाने मारले असं मानतात, आणि १९५२ मध्ये हा प्राणी देशातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. २०२२ पासून मध्य प्रदेशातल्या कुनोत बाहेरून आणून सोडलेले चित्ते वेगळे. मग शिवारातला तो कोण? विचारा: ठिपके भरीव, की फुलासारखे पोकळ? दहातल्या दहा वेळा उत्तर फुलासारखे असंच येतं, म्हणजे बिबट.

कधी यायचं

डिसेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात गवत डोक्याच्या वर जातं, सागाची पानं ताटाएवढी होतात, काही दिसत नाही. थंडीत पानं वाळायला लागतात, झाडांचे शेंडे मोकळे होतात आणि रानपिंगळा सकाळच्या उन्हाला त्या शेंड्यांवर येऊन बसतो. हा दिवसा वावरणारा पक्षी आहे. घुबड म्हणून रात्री टॉर्च घेऊन जाणारी मंडळी मी पाहिली आहेत. त्यांना मोठे घुबड दिसले, रातवे दिसले, हा दिसला नाही.

एक अडचण इथेच सांगून ठेवतो. दिसायला सोपा असलेला हा काळच त्याच्या विणीचा काळ आहे. त्यामुळे पुढे अंतराबद्दल आणि आवाजाबद्दल जे लिहिलंय ते सौजन्य म्हणून घेऊ नका, ते बंधन आहे.

पोचणं, राहणं, परवानगी

रेल्वेने बडनेरा किंवा अमरावती. तिथून परतवाडा साधारण ५० किलोमीटर, एसटी भरपूर. परतवाड्याहून घाट चढून घटांग, सेमाडोह, हरिसाल करत रस्ता धारणीकडे जातो. सेमाडोहला आणि कोलकासला राहायची सोय आहे, तिचं बुकिंग आधी करावं लागतं. चिखलदऱ्याला हॉटेलं पुष्कळ, पण रोज पहाटे घाट उतरून यायचं म्हणजे सकाळचा सर्वांत मोलाचा तास रस्त्यात जातो.

मेळघाट व्याघ्र प्रकल्प १९७४ पासून आहे, देशातल्या पहिल्या नऊंपैकी एक. आतल्या भागात पायी फिरायला बंदी आहे. ठरलेल्या फाटकातून, नोंदणी केलेल्या गाडीने, गाइडला घेऊनच जायचं. बाहेरच्या पट्ट्यात गावं आहेत, शेतं आहेत, गावरस्ते आहेत. तिथेही वनरक्षकाला भेटून, आपण कोण, कशासाठी आलो, किती दिवस आहोत, हे सांगूनच फिरा. नियम आणि वेळा बदलत असतात, निघण्याआधी वन विभागाकडून ताज्या विचारून घ्या.

आणि हे लक्षात ठेवा की रानपिंगळ्यासाठी गाभ्याच्या जंगलात घुसावंच लागतं असं नाही. त्याला दाट, काळोखं रान आवडत नाही. विरळ सागवान, मधूनमधून मोकळी जागा, जमिनीवर सरडे-उंदीर दिसतील इतपत उघडीप, जवळपास पोकळी असलेली जुनी झाडं, हे त्याचं घर. अशी जागा पुष्कळदा शेताच्या कडेलाच असते. तूर उभी आहे, बांधापलीकडे साग, मोई, सालई, रोहन, धावडा. नकाशावर हिरव्या रंगाचा मधला भाग शोधू नका, त्याची किनार शोधा.

सामान थोडक्यात: ८ बाय ४२ ची दुर्बीण, वही, पेन्सिल (थंडीत आणि दवात पेन दगा देतं), मळखाऊ रंगाचे कपडे, घोट्यापर्यंतचे बूट, पाणी, मच्छरदाणी. मच्छरदाणी विसरू नका, मेळघाटात हिवताप आहे. डिसेंबरच्या पहाटे सेमाडोहला हात कापतात, तेव्हा स्वेटरवर भागत नाही, कानटोपी घ्या. मोबाइलची रेंज पुष्कळ ठिकाणी नसते. कुठे चाललो आणि कधी परतणार हे मुक्कामाच्या ठिकाणी सांगून निघा.

वाघाची भीती सगळ्यांना असते. पायी फिरताना मी जास्त सांभाळतो ते अस्वलाला. ते खाली मान घालून वारूळ उकरत असतं, आपण जवळ येईपर्यंत त्याला कळत नाही, आणि दचकलं की सरळ अंगावर येतं. नाल्याच्या वळणावर, लँटानाच्या झुडपाजवळ मुद्दाम बोलत चाला. पूर्ण उजाडल्याशिवाय पायवाटेवर पाऊल टाकू नका. एकटे तर कधीच जाऊ नका.

माणसांना कसं विचारायचं

ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून इथे जरा थांबतो.

आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्यातला जेर्डनचा धाविक हा पक्षी १९०० नंतर कुणाला दिसला नव्हता. १९८६ मध्ये तो पुन्हा सापडला तो तिथल्या स्थानिक पारध्यामुळे. शास्त्रज्ञांनी चित्रं दाखवून गावोगाव विचारलं होतं, आणि रात्री बॅटरीच्या उजेडात दिसलेला पक्षी त्या माणसाने आणून दाखवला. जंगलात रोज राहणाऱ्याला प्राण्याचं इंग्रजी नाव ठाऊक नसतं, पण तो कुठे बसतो, काय खातो, कधी ओरडतो हे ठाऊक असतं. मेळघाटात हे ज्ञान कोरकू माणसाकडे आहे. गवळी, गोंड, निहाल यांच्याकडेही आहे. गुराखी, जागलीला जाणारा शेतकरी, मोह वेचणाऱ्या बाया, वणव्यावर नजर ठेवायला फायरवॉचर म्हणून राबणारी पोरं, यांच्याजवळ बसा.

बसा म्हणजे खरंच बसा. गाडीची काच खाली करून "घुबड कुठे दिसतं?" असं विचारलं तर समोरचा हात करेल तिकडे जाल आणि रिकामे परताल. तो खोटं बोलत नसतो. पाहुण्याला नाही म्हणायचं नाही म्हणून काहीतरी सांगतो. रामराम करा, चहा घ्या, यंदा सोयाबीन किती झालं, रानडुकरांनी तुरीचं काय केलं, ते ऐका. मोठ्या माणसाला आबाजी म्हणा, बाईला मावशी किंवा बाई. धारणीकडे पुष्कळ लोक आपल्याशी हिंदीत बोलतील, चालू द्या.

मग विचारा, पण उत्तर आधीच हातात देऊ नका. "टिपके नसलेलं, पांढऱ्या पोटाचं घुबड दिसतं का?" असं विचारलंत की समोरचा हो म्हणून मोकळा होतो. "इकडे किती जातीची घुबडं आहेत?" असं विचारा आणि गप्प बसा. फोटो सगळ्यांत शेवटी, आणि तोही एकटा नको. पिंगळा, जंगली पिंगळा, रानपिंगळा, मोठं घुबड असे चार-पाच एकत्र दाखवा आणि त्यांनाच निवडू द्या.

तीन हिवाळे मी रानपिंगळ्याशिवाय परतलो होतो. चौथ्या वर्षी एका शेताच्या बांधावर असाच बसलो असताना जागलीहून आलेल्या आबाजींनी, मी काही न विचारता, स्वतःच सांगायला सुरुवात केली. "रातचं बोलते थो येगळा. अन् हा येक दिवसाचा हाय. सागाच्या शेंड्यावर बसते, उनात. शेपूट कशी हालवते पाहा, इकडून तिकडं, इकडून तिकडं." शेपटी आडवी झटकायची ही सवय रानपिंगळ्याची ओळखीची खूण आहे. पुस्तकात मी ती वाचली होती. आबाजींनी ती बोटाने हवेत काढून दाखवली, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

नावांनी घोळ होतो हेही सांगून ठेवतो. पुष्कळ गावांत रानात दिसणाऱ्या कुठल्याही लहान घुबडाला रानपिंगळाच म्हणतात. नाव ऐकून वहीत टिक करू नका, वर्णन लिहा, जमलं तर त्यांच्याच शब्दांत.

आणखी एक गोष्ट जपून करायची. घुबड म्हटलं की काही घरांत अपशकुनाची, करणीची आठवण निघते. पहाटे कंदील घेऊन येणाऱ्या पिंगळा जोशाचं नावच या पक्ष्याच्या भाषेवरून पडलंय, इतका तो आपल्या जुन्या समजुतींत मुरलेला आहे. जादूटोण्यासाठी घुबडं आणि त्यांची अंडी घेतली जातात, हे रानपिंगळ्याच्या अभ्यासकांनीही नोंदवलं आहे. असं बोलणं निघालं तर वाद घालू नका, हसू नका, भाषण तर देऊच नका. ऐका. मात्र तुम्ही कुठे पक्षी पाहिला हे अशा बैठकीत बोलू नका.

सकाळ

उजाडताच जागेवर पोचलेले असा. मी एका सकाळी दोन-तीन जागांहून जास्त जागा करत नाही. प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं उभं राहायचं, पहिली पाच नुसती कानांसाठी. मग दुर्बिणीने झाडांचे शेंडे एकेक करून पाहायचे, डावीकडून उजवीकडे, घाई न करता. फांदीच्या टोकावर मुठीएवढा तपकिरी गोळा दिसला की थांबा. निम्म्या वेळा ते वाळलेलं पान असतं.

आवाज घरीच शिकून या. जेनो-कॅन्टो या पक्ष्यांच्या आवाजांच्या वेबसाइटवर रेकॉर्डिंग मिळतात, हेडफोन लावून पन्नासदा ऐका. गावातला पिंगळा चिरचिर, किरकिर असा कल्ला करतो. रानपिंगळ्याची हाक मऊ, आखूड आणि बरीच गोल असते. जंगलात मात्र मोबाइलवर तो आवाज वाजवू नका. विणीच्या दिवसांत नराला वाटतं दुसरा नर आला, तो शिकार सोडून धावत येतो, आणि ढोलीत बसलेली मादी उपाशी राहते, कारण तिला त्या दिवसांत नरच भरवतो. अभ्यासक परवानगी घेऊन, मोजून आवाज वापरतात. आपण पाहुणे आहोत.

ऊन चढलं की त्याची हालचाल मंदावते. दहा-साडेदहाला शोध थांबवा. भाकर-पिठलं खा, वही पुरी करा.

हाच का तो?

इथे चूक होते आणि माझीही झाली. पहिल्याच वर्षी हरिसालच्या वाटेवर दिवसा बसलेलं घुबड पाहून मी वहीत मोठ्या अक्षरांत रानपिंगळा लिहिलं, चार जणांना फोन केले. रात्री फोटो मोठा करून पाहिला तर डोक्यावर पांढरे ठिपके होते. साधा पिंगळाही हिवाळ्यात दिवसा उन्हाला बसतो. चारही जणांना पुन्हा फोन करून नोंद मागे घेतली.

तर आधी डोकं पाहा. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके स्पष्ट असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं, करडं-तपकिरी. मग छाती: रानपिंगळ्याच्या छातीवर तपकिरी रंगाचा रुंद पट्टा, त्याखाली पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा. शेपटीवर आणि पंखांवर ठळक पांढरे पट्टे. पाय बोटांपर्यंत पांढऱ्या पिसांनी झाकलेले, लोकरीचे मोजे घातल्यासारखे. डोकं आणि चोच अंगाच्या मानाने मोठी. लांबी साधारण २३ सेंटिमीटर, पण उंच झाडावर लांबीचा अंदाज धरू नका, तो हमखास चुकतो. तिसरा भाऊ जंगली पिंगळा, त्याच्या अंगावर डोक्यापासून पोटापर्यंत बारीक आडव्या रेघाच रेघा.

डोकं, छाती, शेपूट या तिन्ही खुणा दिसल्या तरच नाव लिहा. दोनच दिसल्या तर "बहुधा" लिहा. या "बहुधा"ला किंमत आहे, माइनर्टझागेनसारख्यांनी तीच बुडवली.

न दिसल्याची नोंद

पहिल्या फेरीत बहुतेकांना पक्षी दिसत नाही. तरी वही कोरी ठेवायची नाही. तारीख, वेळ, कुठे उभे होतो, किती मिनिटं, हवा कशी, झाडं कोणती, ढोल्या दिसल्या का, इतर पक्षी कोणते. "रानपिंगळा: शून्य." त्याच जागी पाच हिवाळे शून्य आलं तर ती एक गोष्ट, आणि चार शून्यांनंतर एक आला तर ती दुसरी. दोन्ही कळण्यासाठी शून्य लिहिलेलं असावं लागतं. ज्या प्राण्याला लोक संपला म्हणतात त्याच्याबद्दल हे आणखी खरं आहे, कारण कुणी शोधलाच नाही आणि कुणी शोधूनही सापडला नाही, यांतला फरक फक्त अशा वह्यांतूनच कळतो. गुलाबी डोक्याचं बदक १९३५ मध्ये दरभंग्याकडे शेवटचं दिसलं. त्याच्यासाठी आजही लोक फिरतात आणि रिकाम्या हातांच्या त्या नोंदीही जपून ठेवतात.

आणि दिसला तर

जागीच थांबा. जवळ जायला एक पाऊलही नको. तो तुमच्याकडे टक लावून पाहू लागला, अंग आवळून उभा झाला किंवा शेपूट जोरात झटकू लागला, तर तुम्ही आधीच जास्त जवळ आलेले आहात, हळू मागे सरका. ढोली दिसली तर तिच्यासमोर थांबू नका. फोटो दोन-चार घ्या, पुराव्यापुरते, आणि निघा. दहा मिनिटं पुष्कळ झाली.

हा पक्षी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. २०१८ मध्ये त्याचं नाव "अतिसंकटग्रस्त" यादीतून "संकटग्रस्त" मध्ये आलं, पण जगात प्रौढ पक्ष्यांची संख्या हजाराच्या आतच धरली जाते. त्यामुळे नेमकी जागा कुणालाही सांगू नका. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तर नाहीच. फोटोतलं लोकेशन काढून टाका. पार्श्वभूमीत ओळखू येणारी टेकडी, मंदिर, पाण्याची टाकी असेल तर तो फोटो स्वतःजवळ ठेवा. पूर्ण नोंद वनरक्षकाला आणि या पक्ष्यावर काम करणाऱ्या अभ्यासकांना द्या. बाकी जगाला "मेळघाट, जानेवारी" एवढं पुरे.

एका माणसाला मात्र सांगायचंच, ज्याच्या बांधावरून तो दिसला त्याला. मी दुसऱ्या दिवशी फोटो घेऊन आबाजींकडे गेलो. मोबाइल हातात घेऊन त्यांनी बराच वेळ पाहिलं, सुनेला बोलावून दाखवलं. एवढ्यासाठी पोरगा चार वर्षं फिरला म्हणून त्यांना नवल वाटलं. मी त्यांना ११३ वर्षांची गोष्ट सांगितली. ते गप्प झाले. मग बांधापलीकडच्या पोकळ मोईकडे हात करून म्हणाले, "थे झाड यंदा तोडाचं होतं. सरपणाले." उठताना मी विचारलं, "मग आता?" ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. दुसरं पाहू."

पुढच्या जानेवारीत मी ती मोई पाहायला गेलो. उभी होती. त्या सकाळी वहीत नोंद आहे: ७ वाजून १० मिनिटं ते ९ वाजून ४० मिनिटं, दव, वारा नाही, पिंगळा दोन, हरियाल सात, रानपिंगळा शून्य.